कॅन्टीनचा कॉस्ट ड्रायव्हर

कॉस्ट अकाउंटिंगवाल्यांचे किस्से बाहेर कोणी ऐकून घेत नाही, म्हणून ते आमच्याकडेच साठत जातात. त्यात सगळ्यात जास्त एकट्या पावेलचे!

२००४ साली मी अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये होतो. पूर्व युरोपातले सरकारी कारखाने तेव्हा खासगी होत होते. तिथून येणाऱ्या मॅनेजरांना नव्या पद्धतीचा हिशेब शिकवायचो आम्ही दोघं, मी आणि नागपूरचा वैद्य. पावेल अशाच एका बुटांच्या कारखान्याचा डायरेक्टर. नव्या मालकांनी त्याला बजावलं होतं, "परत येताना कॅन्टीन बंद करायचा प्लॅन घेऊन ये." तिथे रिटायर झालेले कामगारही रोज जेवायला यायचे. पावेलला ते कॅन्टीन वाचवायचं होतं.

*

वैद्यनं टार्गेट कॉस्टिंग शिकवलं. "आधी विक्रीची किंमत ठरवायची, मग खर्च त्यात बसवायचा. एकदम मॉडर्न!"

पावेल म्हणाला, "आमचं मंत्रालय चाळीस वर्षं हेच करत होतं. म्हणून तर मी इथे आलोय!"

*

मग स्पर्धकाचा खर्च. तो अंदाजानं कसा काढायचा, हे वैद्यनं तासभर फळ्यावर मांडलं. दुसऱ्या दिवशी पावेलनं आकडा आणला, तो अगदी नेमका!

"कुठली मेथड वापरली?"

"फोन केला. नदीपलीकडेच तर आहे त्यांचा कारखाना. त्यांनी त्यांचा सांगितला, मी आमचा."

वैद्य माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "दादा, आता याला शिकवू काय बाप्पा!"

*

खर्च ज्या कारणानं वाढतो, ते कारण म्हणजे कॉस्ट ड्रायव्हर. प्रत्येक विभागासमोर तो लिहायचा होता. कॅन्टीनसमोर पावेलनं लिहिलं, 'स्टेफान'.

"हा कोण?"

"व्हॅनचा ड्रायव्हर. म्हाताऱ्यांना घरून तोच आणतो. तो सुट्टीवर गेला की खर्च निम्मा!"

वैद्यनं पूर्ण मार्क दिले.

*

शेवटच्या दिवशी आमचा बॉस रिचर्ड प्लॅन तपासायला आला. "कॅन्टीन अजून चालूच? यातून कारखान्याला मिळतं काय?"

पावेल माझ्याकडे वळला. "तुझी बायको गेली, त्याला वर्ष झालं ना? दुपारी कुठे जेवतोस?"

"इथेच. टेबलावर."

"कोणाबरोबर?"

मी बोलायच्या आत वैद्य म्हणाला, "माझ्यासोबत. यांचाही डबा मीच आणतो."

"मग हे," पावेलनं रिचर्डला विचारलं, "तुमच्या फर्मच्या हिशेबात कुठल्या कॉलममध्ये येतं?"

रिचर्डनं मार्करचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं.

"आधी लंच करू या," तो म्हणाला. "वैद्य, आज डब्यात काय आहे?"