कपाच्या तळाशी गुळाचा खडा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. सख्ख्या बहिणीपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतेय — का, ते मलाही धड सांगता येत नाही.

आमच्या ह्यांना साखरेचा आजार निघाला आणि घरात सगळ्यात मोठं दुखणं झालं ते चहाचं. भात सुटला, पेढे सुटले, त्याचं काही नाही. पण चहा? आमच्या राजुरी गावात माणूस उठतो चहावर, शेतातून परततो चहावर, नवरा-बायकोचा अबोला सुटतो तोही चहावरच. तीस वर्षं तो माझ्या हातचा होता. बिनसाखरेचा दिला, तर एक घोट घेऊन म्हणाले, "हे काय, भांडी धुतल्यालं पाणी व्हय?" कप तसाच ठेवला.

मग एक दिवस सुनेनं केला. शीतल — लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तसाच, बिनसाखरेचा. ह्यांनी बशीत ओतून शेवटपर्यंत प्यायला. "पोरीच्या हाताला लई चव हाय!" आल्यागेल्याला तेच सांगत सुटले. माझा नुसता जळफळाट झाला. तीस वर्षांत मला एकदा तरी असं म्हणाले होते का?

सकाळचा चहा तिच्याकडे गेला, चारचा माझ्याकडे राहिला. आणि त्या चारच्या चहात मी त्यांच्या कपाच्या तळाशी गुळाचा खडा टाकू लागले. पातेल्यात नाही, फक्त त्यांच्या कपात. गोड कसा लागतो, असं त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, बडीशेप टाकलीय. गूळ चालतो, असं आमच्याकडे पुष्कळ जण समजतात. मी समजत नव्हते. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, गूळसुद्धा नाही.

"आता जमला बघ तुला," हे म्हणाले. चार वाजायच्या आधीच ओट्यावर येऊन बसू लागले. मी किती खूश होते, काय सांगू!

मग ह्यांच्या पायाला एक जखम झाली, ती भरेना. रिपोर्टमध्ये साखर भलतीच वाढलेली. चहात साखर कोण टाकतं, म्हणून मुलगा संतापला. मी गप्प बसले असते, तरी पाप निम्मं झालं असतं. मी म्हणाले, "सकाळचा चहा तिच्या हातात असतो. मला काय म्हाईत?"

शीतलनं रडत शपथ घेतली. मुलगा तिला वाट्टेल ते बोलला. ह्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं — त्यांना कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही. आणि खरं सांगू? तिला बोलणी बसताना मला बरं वाटत होतं.

त्यांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. मी गूळ बंद केला. पुढच्या रिपोर्टात साखर उतरली, आणि सगळ्यांची खात्रीच पटली की तिचंच काम होतं.

सकाळचा चहा अजून तीच करते. गाळायच्या आधी मला हाक मारते, "आई, बघा, साखर न्हाई टाकली."

मी पातेल्यात डोकावते. "हां," म्हणते. मग ती गाळते.