विड्याच्या पानांचं पाणी

थायबिन्हकडच्या त्या गावात झुंजूमुंजू झालं की खांबावरचा भोंगा खाकरायचा आणि लुयेनबाई बोलायला लागायची. डुकरांची लस, कालव्याला पाणी कधी सुटणार, भाताला पडलेली कीड, आणि मधूनमधून आरोग्य. वरून आलेला कागद ती अशी खणखणीत वाचायची, की तळ्यातली बदकंसुद्धा गप व्हायची. "अंगावरून पांढरं जात असेल, खाज येत असेल, तर विड्याच्या पानांच्या पाण्यानं आतून धुऊ नये. लाज सोडून दवाखान्यात यावं." पाळी चुकणं, निरोध, गुप्तरोग, सगळं गावाला तिच्याच तोंडून कळलेलं.

मग घरी येऊन ती चुलीवर विड्याची पानं उकळायला ठेवायची. आईनं शिकवलेलं, सासूनं पक्कं केलेलं. कागद गावासाठी असतो; घराचा त्याच्याशी काय संबंध?

तेतचा, नव्या वर्षाचा, सण झाला की लेकीचं, दिएपचं, लग्न होतं. आणि हल्ली पोरगी बसताना ओठ चावायची. पातेल्यात मूठभर पानांच्या जागी टोपलीभर पानं पडायला लागली होती. हे दुखणं अंगावर घेऊन पोरगी नांदायला गेली, तर तिकडची म्हातारी म्हणणार, हिला कुठनं काय लागलं? पण विचारायचं कसं? आईनं लेकीला असलं विचारायची रीत कुणाच्या घरात होती?

लुयेनबाईनं सरळ भोंगा गाठला. डुकरांची लस बाजूला ठेवून तोच कागद वाचला, वर "विशेष करून लग्न ठरलेल्या मुलींनी" एवढं पदरचं घातलं आणि घसा बसेस्तोवर वाचत राहिली.

दुपारी दवाखान्यापुढं बायाच बाया. टोप्या नाकापर्यंत ओढलेल्या, शेजारणी शेजारणींना ओळखेनात. गावप्रमुख वाटेत भेटला. "काय आवाज लावलात वैनी! आमची मंडळीपण जाऊन बसलीय तिथं!"

घरी दिएप पातेलं घेऊन न्हाणीकडं निघाली होती.

"अगं, सकाळी ऐकलं नाहीस?"

"काय?"

"भोंग्यावर!"

"आये, तू बोलायला लागलीस की मी उशीखाली डोकं घालते. कळायला लागल्यापासनं. आणि तू तरी कुठं ऐकतेस? पातेलं कुणाचं हे?"

लुयेनबाईनं पातेलं हिसकून उकिरड्यावर ओतलं. "चल दवाखान्यात."

"गाव बघंल की."

"गाव तिथंच बसलंय."

नर्सबाईनं तपासलं. बुरशीचा साधा त्रास. लग्न न झालेल्या पोरींनाही होतो, यात कुणाचं पाप नाही. त्यात धुऊन धुऊन आतलं सोललेलं. आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, धुणं बंद, ओल्या कपड्यात बसणं बंद. "आणि लग्नाआधी नवऱ्या मुलाला घेऊन ये, दोघांचीही तपासणी करू. मूल लगेच नको असलं तर काय वापरायचं, तेही सांगते." दिएपनं सगळं नीट विचारून घेतलं. लुयेनबाई तेवढा वेळ भिंतीवरची पाल बघत होती.

"आणि मावशी, तुम्हाला काही त्रास? तुम्हीपण तेच पाणी वापरता म्हणे."

"कोण म्हणालं?"

दिएप चपलेचा अंगठा चाचपत राहिली.

"पोरीला जरा बाहेर जाऊ द्या," लुयेनबाई म्हणाली.

"मी नाही जायची," दिएप म्हणाली.

मग मान खाली घालून लुयेनबाई बोलली. नर्सबाईला खुर्ची पुढं ओढून पुन्हापुन्हा विचारावं लागलं, "काय म्हणालात?"