एक जानेवारीचा वाढदिवस

गुन-ब्रित्त हल्लांडर डॉक्टर नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सुन्नेविकमध्ये निम्मे लोक तिला डॉक्टर समजायचे आणि उरलेले निम्मे मोलकरीण. वीस वर्षं ती गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालत होती, गोळ्या देत होती. मग एका शरद ऋतूत स्वीडनमधल्या आमच्या या तळ्याकाठच्या गावात तीस-चाळीस पोरं आली. बहुतेक अफगाणिस्तानातली, सगळी एकटी, आईबाप मागे राहिलेले किंवा मागेही न उरलेले. नगरपालिकेने गुन-ब्रित्तला सहा आठवड्यांच्या शिक्षणाला पाठवलं आणि सांगितलं, आता यांच्या मनाकडे बघ. दवाखान्यात बोलावलं की पोरं म्हणायची, "मी काय वेडा आहे?" आणि जायचीच नाहीत. म्हणून दवाखानाच त्यांच्या दारी पाठवायचा, अशी ती योजना होती.

आणि तिच्या मागोमाग मी, दुभाषी. माझं नाव माहगुल. मूळची हेरातची, पण तेव्हाच सुन्नेविकमध्ये एकोणीस वर्षं काढलेली, म्हणजे पोरांच्या मते स्वीडिश आणि स्वीडिश लोकांच्या मते अजून पाहुणी. आमच्या धंद्याचा नियम कडक असतो. बोललं जाईल तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि खोलीबाहेर कानावर पडलेलं खोलीत न्यायचं नाही. मला या नियमाचा भारी ताठा होता. बाकीचे दुभाषी पोरांच्या वतीने रडायचे, भांडायचे, मला ते अडाणीपणाचं वाटायचं.

खुदादादकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो बंद पडलेल्या पोस्टाच्या वरच्या एका खोलीत राहत होता. कागदावर वय सोळा. सहा आठवडे तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. शाळा नाही, जेवण नावापुरतं, बोलणं नाहीच. गुन-ब्रित्तच्या आधी एक शिकलेली बाई मला घेऊन येऊन गेली होती. तिने त्याच्या पाठीला विचारलं होतं, "शून्य ते दहामध्ये तुझं दुःख किती?" मी त्याचं इमानाने भाषांतर केलं होतं. पाठीने पांघरूण वर ओढून घेतलं होतं.

गुन-ब्रित्तने दाराशी बूट काढले, पिशवीतून जाड लोकरी मोजे काढून घातले आणि त्याच्याकडे न बघता सरळ स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली. सडलेले कांदे टाकले. पातेलं घासलं. मी खुर्चीवर बसून राहिले.

"मी काय करू?" मी विचारलं.

"काही नाही. तो बोलला की सांग."

"आणि नाही बोलला तर?"

"तर आपलं पातेलं तरी स्वच्छ होईल."

ही तिची रीत होती. माणसाच्या समोर बसून कधी विचारायचं नाही. शेजारी उभं राहायचं, हाताला काम द्यायचं, डोळे भांड्यावर ठेवायचे. ती म्हणायची, "म्हाताऱ्यांकडून शिकले. समोर बसलं की माणूस आवरून बसतो. पाठ चोळताना सगळं सांगतो." तीन आठवडे आम्ही दिवसाआड तिथे जाऊन घासपूस केली. मनात मी म्हणत होते, पालथ्या घड्यावर पाणी चाललंय.

चौथ्या आठवड्यात तिने भात लावला. म्हणजे इथले लोक लावतात तसा, तांदळाची प्लास्टिकची पुडी उकळत्या पाण्यात सोडून. वास सुटला आणि पलंगावरून आवाज आला.

"खाला, या बाईला सांगा, भाताचे असे हाल करत नाहीत."

खाला म्हणजे मावशी, म्हणजे मी. मी भाषांतर केलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. गुन-ब्रित्तने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मग कसा करतात, विचार त्याला."

तो उठला. भिंतीला धरून आला, पुडी चिमट्याने उचलून मोरीत टाकली आणि तांदूळ कुठे ठेवलेत ते विचारलं. त्या दिवशी आम्ही तिघांनी जिऱ्याचा, गाजराचा भात खाल्ला. त्याने चार घास खाल्ले. बाहेर आल्यावर गाडीत बसून गुन-ब्रित्त रडली आणि मग माझ्यावरच खेकसली, "बघतेस काय, पट्टा लाव."

पुढचं दीड वर्ष भातावरच निघालं म्हणा ना. कांदा चिरता चिरता तो सांगायचा आणि मी त्याच्या 'मी'चा स्वीडिशमध्ये 'मी' करायची, कारण नियम तसाच असतो. मी इराणात विटा उचलल्या. मी डोंगरात धाकट्या भावाचा हात सोडला, कारण त्याचा हात गार पडला होता. ही वाक्यं माझ्या तोंडून निघायची आणि गुन-ब्रित्त कांद्याकडे बघत म्हणायची, "हं. तो मीठ जास्त टाकतोय, सांग त्याला." पण तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकलेला असायचा. तो शाळेत जाऊ लागला, मग सुतारकामाच्या वर्गात. तिच्यासाठी त्याने एक स्टूल केलं, ते डगमगायचं. "तुमच्या लोकांसारखंच आहे, गुन-ब्रित्तजान," तो म्हणाला, "दिसायला नीट, पण जपून बसायचं." ती इतकी हसली की मला भाषांतर दोनदा सांगावं लागलं.

गुन-ब्रित्तचं स्वतःचं म्हणाल तर नवरा स्तूरे दहा वर्षांपूर्वी गेलेला, मुलगा नॉर्वेत, रविवारी फोन. एवढंच. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून ती दुसऱ्यांच्या घरी इतकी रमायची, असं मी तेव्हा कुत्सितपणे म्हणायची. आज म्हणणार नाही.

आता तारखेचं सांगते. खुदादादला आपली जन्मतारीख माहीत नव्हती. आई म्हणायची, जर्दाळूला फुलं आली तेव्हा तू झालास. सरहद्दीवरच्या माणसाने फुलांचा रकाना नसल्यामुळे एक जानेवारी लिहिलं, जसं या पोरांपैकी अर्ध्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्या एक जानेवारीला तो कागदावर अठरा वर्षांचा होणार होता. आणि अठरा म्हणजे नगरपालिकेची जबाबदारी संपली. खोली जाणार, सुतारकाम जाणार, गुन-ब्रित्त जाणार. त्याला दूर मोठ्यांच्या छावणीत हलवणार आणि राहू द्यायचं की परत पाठवायचं ते मोठा माणूस म्हणून ठरवणार. त्याच्या आधीच्या दोघांना पोलिसांनी सकाळी सात वाजता दार उघडून नेलं होतं, असं पोरं एकमेकांना सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही.

नोव्हेंबरात जिन्यात त्याने माझी बाही धरली. "खाला, ती तारीख कुणी काढू नये असं करा. मला रात्री झोप येत नाही. गुन-ब्रित्तजानला सांगा, त्या दिवशी कुणी येऊ नका. दार वाजलं तर माझा जीव जाईल."

"तू आत सांग ना. तू बोललास की मी सांगते."

"मला लाज वाटते. ती म्हणेल, दीड वर्ष भात खाऊनही हा तिथेच आहे."

"मग मी नाही सांगू शकत, बेटा. जिन्यातलं मी आत नेत नाही."

तो मान हलवून आत गेला आणि तिथे काही बोलला नाही. मीही नाही.

इथे स्वीडनमध्ये वाढदिवसाची एक रीत आहे. ज्याचा वाढदिवस असतो त्याने पलंगावर झोपून राहायचं, जागा असला तरी डोळे मिटून घ्यायचे. मग घरच्यांनी पहाटे केक, मेणबत्त्या आणि कॉफीचं ताट घेऊन, दाराबाहेरच गाणं सुरू करून, एकदम आत शिरायचं. गुन-ब्रित्तने आपल्या सगळ्या पोरांना असं उठवलं होतं. कुणीतरी त्यांना झोपेतून गाण्याने उठवायलाच हवं, ही तिची श्रद्धा होती. संकटाच्या वेळेसाठी तिच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या असायच्या.

एक जानेवारीला पावणेसातला तिची गाडी माझ्या दाराशी. रात्रभराच्या फटाक्यांची कागदं बर्फावर पडलेली, गाव झोपलेलं.

"सुट्टीच्या दिवशी तरी माणसाला झोपू दे," मी म्हणाले.

"अठरा रोज होत नाही कुणी." मांडीवर मला तिने केक दिला, बदामाचा, हिरवा.

"त्याला नाही आवडलं तर?"

"अठरा झालेलं कुणाला आवडत नाही?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. जिन्यातले शब्द जिभेवर आले होते. पण थंडी होती, नियम होता, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, असेल हिचंच बरोबर, ही त्याला माझ्यापेक्षा ओळखते. मी केक सांभाळत बसले.

जिन्यात तिने मेणबत्त्या पेटवल्या, एका हातावर ताट तोलत गायला लागली आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली. मीही गुणगुणले, लाजेकाजेस्तव.

तो झोपलेला नव्हता. पलंग आवरलेला होता. जाकीट घालून, बूट बांधून, बॅग पायाशी घेऊन तो पलंगाच्या कडेला बसला होता. रात्रभर तसाच बसला असणार. दार उघडलं तसा तो उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले, मनगटं जोडून.

गुन-ब्रित्तला वाटलं ताट घ्यायला. तिने त्या हातांत ताट ठेवलं आणि गाणं पुरं केलं.

त्याने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हळू आवाजात तो फारसीत म्हणाला, "मला वाटलं होतं पोलीस येतील. त्यांनी तुम्हालाच पाठवलं का?"

"काय म्हणाला?" गुन-ब्रित्तने हसऱ्या तोंडाने विचारलं.

पंधरा वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदा खोटं भाषांतर केलं. "आभार मानतोय. म्हणतो, अपेक्षा नव्हती."

तिने त्याला जवळ घेतलं. त्याने मेणबत्त्या विझवल्या, केकचा तुकडा संपवला, बशी धुतली. बॅगेबद्दल तिने विचारलं नाही.

दोन दिवसांनी त्याला हलवणार असल्याचं पत्र आलं, असं मला कळलं. आठवड्यात तो चारशे किलोमीटरवर गेला. गुन-ब्रित्तने तिथल्या लोकांना फोन करून सांगितलं की त्याच्यासमोर बसून बोलू नका, शेजारी उभे राहा. त्यांनी टिपून घेतलं म्हणे. एप्रिलमध्ये तिकडून फोन आला. खुदादादने स्वतःला संपवलं होतं. त्या आधी दीड महिना तो भिंतीकडे तोंड करून पडून होता.

त्याला पुरायला आम्ही दोघी गेलो, छावणीतली चार पोरं आली, एक मौलवी आला. गुन-ब्रित्तने त्यानंतर काम सोडलं नाही. लोकांना वाटलं सोडेल. ती आणखी पाच वर्षं दारोदार गेली, पातेली घासली, भात शिकली, पण वाढदिवसाला कुणाकडे गेली नाही. पोरं विचारायची, तर म्हणायची, "तू बोलावशील तेव्हा येईन."

मागच्या वर्षी ती निवृत्त झाली आणि लगेच आजारी पडली. मी तिच्याकडे जाते, मंगळवारी आणि शुक्रवारी. दाराशी बूट काढते, कपबशा विसळते. ती खिडकीशी बसते. एका शुक्रवारी ती अचानक म्हणाली, "माहगुल, त्या सकाळी तो काय म्हणाला होता?"

माझे हात पाण्यात होते. "सांगितलं होतं की. आभार."

"पंधरा पोरांनी माझा भात, माझा केक खाऊन माझे आभार मानलेत. तुमच्या भाषेतला तेवढा एक शब्द मला येतो गं. तशक्कुर. तो त्याच्या बोलण्यात नव्हता."

सहा वर्षं ती हे घेऊन बसली होती आणि सहा वर्षं मी तिच्यावर उपकार करतेय असं समजत होते. मला इतकी शरम वाटली की मी नळ बंद करायलाही विसरले.

मग मी सांगितलं. जिन्यातलंही सांगितलं. त्याने दार न वाजवायला सांगितलं होतं आणि मी ते आत नेलं नाही, हेही. माझ्या आवाजात, पण त्याच्या 'मी'ने. आता ती मला घराबाहेर काढेल असं वाटलं, आणि काढलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

तिने खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "त्याचं बरोबर होतं. त्याला हलवायचं ते पत्र दोन दिवसांनी आलं नव्हतं. एकतीस तारखेलाच ऑफिसने माझ्या हातात दिलं होतं, तूच जातेस तर तूच दे म्हणून. केकच्या पिशवीत होतं ते. मला वाटलं, एक दिवस तरी त्याचा आनंदात जाऊ दे." तिने माझ्याकडे पाहिलं. "मलाच पाठवलं होतं, माहगुल."