गुरांच्या डॉक्टरचा फॉर्म

लग्न होऊन मी भुसावळहून झाशीला आले तेव्हा माझ्याजवळ जीवशास्त्राची पदवी होती आणि नवऱ्याजवळ रेल्वेतली गार्डाची नोकरी. तो गाडीबरोबर गेला की दोन-दोन दिवस परतायचा नाही. वर्षभर मी कॉलनीतलं क्वार्टर आवरत बसले आणि मग मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, शिकवायला लागले. तिथे शिक्षिकेला 'बहनजी' म्हणतात. सुरुवातीला ही हाक आली की मी मागे वळून बघत असे, दुसऱ्याच कुणाला तर नाही ना?

तिसऱ्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर एक विद्यार्थिनी मार्कशीट घेऊन माझ्याकडे आली. पहिला वर्ग होता. तिला डॉक्टर व्हायचं होतं. "बहनजी, अब क्या भरना होता है?" तिने विचारलं. अर्जांची मुदत महिन्यापूर्वीच संपली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि न सांगणाऱ्यांत मीही होते. पुढच्या फाल्गुनात तिचं लग्न झालं. मी गेले होते.

तिच्या लग्नानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी ठिकठिकाणच्या कॉलेजांना पोस्टकार्डं लिहिली आणि माहितीपत्रकं मागवली. वैद्यकीय, शेतकी, नर्सिंग, पॉलिटेक्निक, जे आठवेल ते. आलेली पत्रकं मी मुदतीच्या तारखेप्रमाणे लावून एका पत्र्याच्या पेटीत ठेवली. जानेवारीपासून दर रविवारी सकाळी पेटी माझ्या क्वार्टरच्या पडवीत काढायची आणि ज्यांना फॉर्म भरायचे त्यांनी यायचं, असं वर्गात सांगून टाकलं. पहिल्या रविवारी दोघी आल्या. चौथ्या रविवारी शेजारणीकडून सतरंजी मागावी लागली.

जिची गोष्ट सांगायची ती त्यात नव्हती. ती झाशीतल्याच एका जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी कारकुनी करायला इकडे आले आणि इथलेच झाले. वडील बिजौलीच्या एका छोट्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. लक्ष्मी ताल या तळ्याच्या बाजूला त्यांचं घर, मागे गोठा, गोठ्यात पाच-सहा जनावरं. ती आईच्या हाताखाली तयार झालेली. वर्गात बेडकाचं विच्छेदन सुरू झालं की बाकीच्या मुली पदर नाकाला लावून मागे सरायच्या. ही चिमटा घ्यायची आणि मी पुढचं वाक्य बोलायच्या आत बेडकाचं हृदय मोकळं करून ठेवायची.

"घरी कुणी शिकवलं?" मी एकदा विचारलं.

"घरी नाही बहनजी. गोठ्यात."

मग मी सगळ्या वर्गाला विचारलं, पुढे काय व्हायचं आहे. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला जनावरांची डॉक्टर बनायचं आहे." तिने ते हिंदीत पुन्हा सांगितलं, म्हणजे सगळ्यांना कळावं. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. ती खाली बसली आणि त्यानंतरच्या तीन रविवारीही आली नाही.

चौथ्या आठवड्यात मी तिला व्हरांड्यात गाठलं. "मी हसले ते चुकलं," म्हटलं. "रविवारी ये. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजचं पत्रक मागवलं आहे."

पत्रकात मुलींना मनाई आहे असं कुठे लिहिलं नव्हतं. मुलींची सोय आहे असंही नव्हतं. मी प्राचार्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं: नियमाची अडचण नाही, आजवर मुलीचा अर्ज आलेला नाही, वसतिगृह फक्त मुलांचं आहे, राहण्याची व्यवस्था विद्यार्थिनीने स्वतः करावी. ते पत्र मी बरेचदा वाचलं. दार बंद नव्हतं. फक्त ते कुणी ढकलून पाहिलं नव्हतं.

पत्र घेऊन मी तिच्या घरी गेले. वडिलांनी अगत्याने बसवलं. पत्र वाचून घडी घातली आणि परत दिलं.

"बहनजी, आमच्या घरात मुलींना शिकवायची मनाई नाही. थोरली बीए झाली. पण हे ढोरांचं काम. गावोगाव फिरायचं, हात घाण करायचे. बिरादरीत काय सांगू?"

मी काही बोलणार तोच तिची आई दारात येऊन उभी राहिली. हात अजून ओलेच होते, गोठ्यातून आली असावी.

"गेल्या साली आपली काळी गाय गेली," ती नवऱ्याला म्हणाली. "डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला. तोवर मी आणि ही दोघी तिच्यापाशी बसून होतो. हात माझे रोजच घाण होतात. त्याचं बिरादरीत काय सांगता?"

वडिलांनी ते पत्र पुन्हा मागून घेतलं आणि वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फॉर्म भरा. बुलावा आला तर बघू."

आईने मला लोटाभर ताक दिलं. त्या घरात तेवढं बोलणं पुरेसं होतं.

फॉर्मवर 'पुत्र श्री' असं छापलेलं होतं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खोड. तिने पट्टी धरून 'पुत्र'वर सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात 'पुत्री' लिहिलं. दाखल्यांच्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी होती, ती रेल्वे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी केली. कॉलेजचं नाव वाचून त्यांनी चष्मा वर केला, तिला एकदा न्याहाळलं आणि सगळ्या कागदांवर सह्या ठोकल्या.

अडलं ते भलतीकडेच. तिच्या दहावीच्या दाखल्यावर आडनावातला शेवटचा 'कर' गळाला होता. आमच्या मराठी आडनावांचं तिकडे असं नेहमी व्हायचं. ऐकणाऱ्याला निम्मंच ऐकू यायचं. बारावीच्या कागदांवर नाव पुरं, दहावीच्या अर्धं. कचेरीत जाऊन दोन्ही नावं एकाच मुलीची असं शपथपत्र करावं लागलं. त्यात आठवडा गेला आणि मुदतीला एकच दिवस उरला. पोस्टाने अर्ज पोचणं शक्य नव्हतं.

मी रजा टाकली. सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघी निघालो. तिने अर्जाचं पाकीट सगळ्या वाटेत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

कॉलेजच्या खिडकीवरच्या बाबूने पाकीट उघडलं. "लड़का कहाँ है?"

"फॉर्म मेरा है," ती म्हणाली.

त्याने 'पुत्री' वाचलं, उठून आत गेला. आम्ही उभ्याच. आमच्या मागे रांगेतली मुलं कुजबुजत होती. पाच-सात मिनिटांनी तो परत आला, खिडकीतून वाकून तिला पाहिलं, आणि शिक्का उचलून पावतीवर मारला. मी हातातली पिशवी खाली ठेवली. इतका वेळ ती घट्ट धरून होते हे तेव्हा कळलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा वडील स्वतः तिच्याबरोबर निघाले आणि मलाही चला म्हणाले. एव्हाना राहण्याचा प्रश्न मी सोडवून ठेवला होता. कॉलेजच्या शहरातल्या रेल्वे कॉलनीत माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा एक मराठी गार्ड राहत होता. त्याच्या बायकोने निरोप पाठवला होता, "पाठवा पोरीला. माझ्या दोघींबरोबर तिसरी."

मुलाखतीला तिघे परीक्षक होते. आत काय झालं ते तिने बाहेर आल्यावर तिथल्या कडुनिंबाखाली उभं राहून आम्हाला सांगितलं. पहिल्याने विचारलं, राहणार कुठे? तिने पत्ता सांगितला. दुसऱ्याने विचारलं, गाय अडली आहे, वासराचा एकच पुढचा पाय बाहेर आला आहे, काय करशील?

"मी सांगितलं, ओढायचं नाही. गायीची कळ थांबली की वासराला जरा आत लोटायचं. दुमडलेला पाय हाताने शोधायचा, खूर मुठीत धरायचा म्हणजे आत लागत नाही, मग पाय सरळ करायचा. दोन्ही पाय आणि नाक आलं की कळेबरोबर खाली ओढायचं."

"मग?" वडिलांनी विचारलं.

"त्यांनी विचारलं, कुठे वाचलंस? मी म्हटलं, वाचलं नाही, केलं आहे. आईचा हात जात नव्हता, माझा लहान आहे म्हणून गेला. मग तिसरे साहेब आपल्याच हाताकडे बघत राहिले."

परतीच्या गाडीत वडिलांनी समोर बसलेल्या अनोळखी माणसाला आपणहून सांगितलं, "ही माझी मुलगी. जनावरांची डॉक्टर बनते आहे." अजून निवड व्हायची होती.

निवडीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, चालू तासाला. शिपायाने आणून दिलं तेव्हा माझ्यासमोर तिच्या खालचा वर्ग होता. मी तिथेच पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी बाक वाजवला आणि सगळा वर्ग बाक वाजवायला लागला. शेजारच्या वर्गाच्या बहनजी काय झालं बघायला धावत आल्या, तर मीही डस्टरने टेबल वाजवत होते.

ती शिकली. पहिल्या वर्षी तिच्या वर्गात ती एकटीच होती. दुसऱ्या वर्षी तिच्या मागे आणखी दोघी आल्या, आणि ती शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा कॉलेजने मुलींसाठी एक लहानशी इमारत मोकळी करून दिली.

नोकरी लागून काही वर्षांनी तिची बदली मोठ या झाशीजवळच्या कसब्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. बाजाराच्या एका दिवशी मी बारावीच्या आठ मुलींना घेऊन बसने तिकडे गेले. आवारात बैलगाड्या, म्हशी, धूळ. एक म्हातारा शेतकरी म्हैस घेऊन आला आणि थेट माझ्यापाशी येऊन विचारू लागला, "डाक्टर साब कितै हैं?" मी बोट दाखवलं. कोपरापर्यंत हात धूत ती नळापाशी उभी होती. तो बिचकेल असं मला वाटलं. तो बिचकला नाही. तिला आधीपासून ओळखत असावा. "तनक ई खों देख लो, डाक्टर साब," म्हणत त्याने म्हशीचा दोर पुढे केला.

तिने माझ्या मुलींकडे नजर टाकली आणि सगळ्यात मागे उभी असलेली एक अशक्त दिसणारी पोर निवडली. "इधर आओ. रस्सी पकड़ो, कसके."

पोरीने दोर धरला. म्हशीने मान झटकली, पोर दोन पावलं ओढली गेली, पण तिने दोर सोडला नाही. तिने टाच रोवली आणि म्हैस जागीच उभी राहिली.