खोली कुणाला झेपते?

चष्म्याच्या दुकानात सगळे तिला भिंगरी म्हणत. लहानपणीच्या आजारात पाय गेले, पण चाकांच्या खुर्चीवर ती अशी गरगर फिरे की गिऱ्हाईक नाकावरचा चष्मा काढेपर्यंत ही काउंटरला वळसा घालून पुढ्यात हजर!

अडचण होती ती घरी. ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज सकाळी भावोजी तिला पाठुंगळी घेऊन खाली आणत, संध्याकाळी वर नेत. ते कधी कुरकुरले नाहीत. पण त्यांच्या कमरेत जरा उसण भरली, तरी हिचा जीव थोडाथोडा व्हायचा.

म्हणून दुकानामागच्या गल्लीत, तळमजल्यावर, ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी दिसली तेव्हा तिला धीर धरवेना. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच टाकून ती तिथे पोचली. दाराशी दोन पायऱ्या होत्या. घरमालक बाहेर आले, त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला.

“बाई, तुमच्याच भल्याचं सांगतो. या पायऱ्या, आत ओलं न्हाणीघर. तुम्हाला नाही झेपायचं. आणि तसंही, खोली गेली हो कालच.”

इतक्या गोड नकारावर चिडावं तरी कसं? दुपारभर तिच्या बोटांतून चष्म्याचे स्क्रू निसटत राहिले.

संध्याकाळी ताईने सगळं ऐकलं, पायात चपला अडकवल्या आणि थेट ती खोली बघायला गेली. परतली ती धापा टाकतच.

“अगं, रिकामी आहे! उद्या सामान आणा म्हणाले. अजून कुणी विचारायलासुद्धा आलेलं नाही म्हणे!”

“म्हणजे मी कुणीच नाही!” भिंगरीने चक्क टाळी वाजवली. “ताई, ते खोटं बोलताना सापडले की गं!”

दुसऱ्याच दिवशी दोघी भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात गेल्या. तिथल्या अधिकारी बाईंनी दोघींकडून सगळं वेगवेगळं विचारून घेतलं, कोण काय बोललं तेही शब्दन् शब्द.

“गोड असला तरी तो नकारच,” त्या म्हणाल्या. “अपंग म्हणून घर नाकारता येत नाही. घर आपल्याला झेपतं की नाही, हे राहणाऱ्याने ठरवायचं. दाराशी उतार करून घ्यायचा असेल, तर तोही मागता येतो.”

भिंगरी ऐकतच राहिली. आजवर ती असल्या गोष्टी विनंती म्हणून मागत आली होती. तो तिचा हक्क होता!

बाईंनी घरमालकांना बोलावून घेतलं. ते घाम पुसत आले.

“मी वाईट माणूस नाही हो. ही पडली असती, तर लोकांनी मलाच बोल लावला असता.”

“एका बहिणीला खोली गेली म्हणालात, दुसरीला रिकामी,” बाई म्हणाल्या. “यातलं खरं काय?”

घरमालक छताकडे बघू लागले.

“काका,” भिंगरी म्हणाली, “मी पडण्यात पटाईत आहे. उठण्यात त्याहून! आणि उतार लाकडी करू, उचलून ठेवता येईल असा. भावोजी सुतार आहेत.”

तक्रार पुढे गेली तर सुनावणी होईल, एवढंच बाईंनी शांतपणे सांगितलं. घरमालकांनी थोडे आढेवेढे घेतले, उतार दाराशी किती वेळ मांडून ठेवायचा यावर घासाघीस केली, आणि शेवटी खोली द्यायला तयार झाले.

सामान हललं त्या दिवशी भिंगरी उतारावरून तीनदा विनाकारण वर-खाली करून आली. घरमालक आपल्या खिडकीतून बघत होते. अजूनही ते तिच्याशी मोजकंच बोलतात.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने आतून कडी लावली. थोड्याच वेळात दार वाजलं.

“कोण आहे?” स्वतःच्या दाराआडून तिने जन्मात पहिल्यांदाच विचारलं.

“मी गं, उशी विसरलीस!” बाहेरून ताई.

“मी म्हणजे कोण?” मजा वाटून तिने पुन्हा विचारलं.

“उघडतेस की जाऊ परत?” ताई ओरडली, आणि दोघी दाराच्या दोन्ही बाजूंनी हसत सुटल्या.