वरच्या काकांचा तंबोरा

कोरड्या हवेची वाट आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी या जगात दुसऱ्या कुणी पाहिली नसेल. मूळचे मिरजेकडचे. बोईसरच्या कारखान्यात यंत्रांना स्प्रेने रंग मारण्यात हयात गेली आणि निवृत्त होऊन आमच्या पालघरच्या इमारतीत आले ते एक कॉम्प्रेसर आणि काकूंचा तंबोरा घेऊन. तंबोऱ्याची चकाकी गेली होती. "आठ दिवसांत लॅकर मारून आरसा करून देतो," असं म्हणून त्यांनी त्याच्या तारा उतरवल्या. त्याला तीन वर्षं झाली, आणि तंबोऱ्याशिवाय गायला काकू काही तयार नव्हत्या.

दोष सगळा हवेचा. आमच्याकडच्या दमट हवेत लॅकर दुधाळ पडतं आणि धूळ बसली की खरखरीत होतं. धूळ नको म्हणून तंबोरा न्हाणीघरात टांगलेला आणि काकू आंघोळीला आमच्याकडे. सुती कपड्याचे धागे उडतात म्हणून काका भर उन्हाळ्यात रेनकोट घालून स्प्रे मारत. रेनकोट चढवला की आधी खाली येऊन माझ्या बायकोला बजावत, "सूनबाई, तीनपर्यंत फोडणी नको हं, तेलकट धूर वर येतो." आमच्या कित्येक दुपारी दहीभातावर गेल्या. एवढं करून लॅकरचा हात सुरेख बसायचा, सगळी इमारत वाहवा करायची, आणि काका भिंगातून कुठला तरी ठिपका शोधून पॉलिश पेपरने सगळं घासून काढायचे.

हवामानाच्या अंदाजांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. गळ्यात तुळशीची माळ; पण दातिवऱ्याची मासळीवाली मावशी टोपली घेऊन जिना चढली की सगळ्यांच्या आधी हा माणूस हजर. सुका बोंबील दोन बोटांत धरून मोडून बघायचा. कडकन मोडला तर कॉम्प्रेसर सुरू, वाकला तर बेत रद्द. तुकडे आमच्या मांजराला. बोंबील न खाता त्याची इतकी पारख झालेला माळकरी मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या डिसेंबरात बोंबील असा मोडला की मावशीच म्हणाली, "आज मारा काका तुमचा रंग, हवा फस्क्लास हाय."

"रंग नव्हे, लॅकर," काका म्हणाले आणि कामाला लागले. चार दिवसांनी भिंग घेऊन बसले, तर भोपळ्यावर बोराएवढा दुधाळ डाग. त्यांनी पॉलिश पेपर उचलला. मावशी दारात टेकली होती. ती म्हणाली, "काका, आमी बोंबील वालवतो तो खायला. वालवतच बसलो तर खानार कवा?"

काकू उठल्या. आत गेल्या आणि तारांची पुडी घेऊन आल्या.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे वर जमलो. तंबोरा काकूंच्या जुन्या पट्टीत लागला. त्यांनी डोळे मिटून वरचा षड्ज घेतला, आणि तो लागेना. पुन्हा घेतला. मग हसून म्हणाल्या, "तीन वर्षं गप्प होते ना, आता नाही जात हो तिथवर."

काकांकडे मला बघवेना. एका ठिपक्याशी तडजोड न करणारा तो माणूस पुढे सरकला आणि त्याने एकेक खुंटी सैल केली. काकूंच्या गळ्याला झेपेल इथवर सूर उतरवला. "आता म्हण," एवढंच म्हणाले.

हल्ली रोज संध्याकाळी वरून गाणं ऐकू येतं. डाग तसाच आहे. आमच्याकडे फोडणीला बंदी नाही, मावशीचे बोंबील कुणी मोडत नाही. गाणं गोडच आहे. पण त्यांच्या खालच्या मजल्यावर तीन वर्षं राहून काकूंचा वरचा सूर मात्र आम्ही कधी ऐकला नाही.