चौदा नंबरचा लंगोट

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, धंद्याने शिंपी आणि काळजाने ससा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. भाऊजींच्या पाठी त्याचं अख्खं बिऱ्हाड असावं. गॅस बंद केला का हे बघायला ते अर्ध्या रस्त्यातून परत येत. मोठा रस्ता ओलांडायला त्यांना कुणाची तरी सोबत लागे. लग्न का केलं नाही विचारलं, तर म्हणत, "वहिनी, बायको रागीट निघाली तर?"

"एक रागीट बाई घरात आहेच की. मेलात का?" मी म्हणायचे.

बाळ झालं आणि भाऊजींच्या भीतीला हक्काचं काम मिळालं. विकतचे डायपर नकोत, पुरळ येईल, म्हणून जुन्या मऊ चादरी फाडून त्यांनी स्वतः तीस लंगोट शिवले. वर प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने नंबर घातला, एक ते तीस. सगळे सारखे वापरले जावेत, एकच झिजू नये, म्हणून ओळीनेच वापरायचे असा नियम. धुवायचेही तेच. आधी भिजवायचे, मग उकळत्या पाण्यातून काढायचे, दोनदा खळबळायचे. साबण राहिला की काय म्हणून पिळलेला लंगोट स्वतःच्या गालाला लावून बघायचे. वाळले की दोन्ही बाजूंनी इस्त्री. मी चेष्टा करायचे, "भाऊजी, त्याला मुतायचंय, नवरदेव व्हायचं नाहीये."

बाळ चार महिन्यांचं झालं आणि मी पोस्टात कामावर रुजू झाले. सकाळी मी निघाले की दुपारी दोनपर्यंत बाळ ह्यांच्याकडे. दोनला हे कारखान्यात जात, मग भाऊजींकडे. शिलाई मशीन बाहेरच्या खोलीतच होतं, त्यामुळे सोय होती.

त्या दिवशी उकाडा फार होता. सकाळी सहाला भाऊजींनी घडीवरचा लंगोट माझ्या हातात दिला. मी तो बांधला, बाळाला पाजायला घेतलं, तर त्याने तोंड फिरवलं. झोपेत असेल म्हटलं. मला उशीर होत होता. ह्यांनी नंतर वाटी-चमच्याने दूध दिलं, तेही त्याने थुंकलं. ह्यांना वाटलं, आईने पोटभर पाजलंय. लंगोट कोरडा दिसला, तर वाटलं, आईने आत्ताच बदललाय. मग बाळ दुपारपर्यंत पेंगतच राहिलं, म्हणून त्यांनी उठवलं नाही. भाऊजी तेव्हा शिवलेले कपडे पोचवायला गेले होते.

अडीच वाजता माझ्या खिडकीपुढे भलीमोठी रांग होती. रांग मोडून भाऊजी पुढे आले. कडेवर बाळ, पायात दोन वेगळ्या चपला. मधला मोठा रस्ता एकट्याने ओलांडून आले होते.

"वहिनी, अजून चौदाच आहे."

"काय चौदा?"

"सकाळी सहाला मीच तुम्हाला चौदा नंबर दिला होता. आत्ता बघतोय तर अजून चौदाच. दादा म्हणतो, बदललाच नाही."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मला इतका राग आला! "भाऊजी, घरी जा. इथे काय तमाशा लावलाय?"

ते गेले नाहीत. "एकदा हात लावून बघा. मग जातो."

मी खिडकीतून हात घातला. लंगोट कोरडा होता. नुसता कोरडा नाही, त्याच्यावर भाऊजींच्या इस्त्रीची घडी अजून तशीच होती. साडेआठ तास झाले होते. बाळ रडायला लागलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं नाही. शिक्का हातातच घेऊन मी बाहेर पळाले.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचं तोंड उघडून दाखवलं. आत पांढरे फोड. दुखत होतं म्हणून पीत नव्हतं बिचारं, आणि मी त्याला झोपाळू म्हणत होते. "अंगातलं पाणी कमी झालंय," त्या म्हणाल्या. "सलाईन लावते. लघवी झाली की मला सांगा." नाही झाली तर काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बाळाला मांडीवर घेऊन मी आणि भाऊजी दवाखान्यातल्या बाकावर बसलो. एक तास गेला. त्या एवढ्याशा हाताला सुई टोचलेली बघवत नव्हती. मी दर मिनिटाला लंगोटाला हात लावत होते, आणि दर वेळी तो कोरडाच. भाऊजी एक हात खिशात घालून, डोळे मिटून बसले होते. ह्या माणसाला आता सावरायचं कुणी, असं माझ्या मनात आलं. मीच भीतीने आतून थिजले होते.

पाच वाजायला आले होते. मी पुन्हा हात घातला. बोटांना ऊब लागली, मग ओल.

"भाऊजी," मी म्हणाले. भर दवाखान्यात मी हमसून हमसून रडले.

भाऊजींनी डोळे उघडले. खिशातला हात बाहेर काढला. घाईत चपला बदलल्या होत्या, दाराला कुलूप घालायचं राहिलं होतं. पण मुठीत लंगोट होता, पंधरा नंबर. एवढा वेळ आवळून धरल्याने त्याची सगळी इस्त्री मोडली होती.

"घ्या," ते म्हणाले. "मी आणून ठेवला होता."